गावात इंग्रजी कमी कळतं, तरी ‘अ क्वाएट प्लेस’ दाखवावा का?

हो, जरूर दाखवा, पण गणपतीच्या मांडवात नको, शाळेच्या बंद हॉलमध्ये. २०१८ चा हा भीतीदायक सिनेमा जेमतेम दीड तासाचा आहे. त्यातले माणसं मारणारे राक्षसी प्राणी आंधळे आहेत, आवाजावर शिकार करतात. म्हणून शेतावरचं कुटुंब बहुतेक वेळ खाणाखुणांनीच बोलतं आणि भाषा आडवी येत नाही. आमच्याकडे, चंद्रपूरच्या जंगलालगत, मी तो धानाची जागल करणाऱ्यांसोबत पाहिला. रात्री पाचोळा वाजला की कान कसे टवकारतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो फार भिडतो. त्या कुटुंबातल्या मुलीचं काम करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः कर्णबधिर आहे, तिचं काम सगळ्यात खरं वाटतं. मक्याच्या कोठारात पोरं धान्यात रुतू लागतात तेव्हा तर शेतकऱ्याचा जीव गोळा होतो.

कच्चा दुवा कथेत आहे: धबधब्याजवळ मोकळं बोलता येतं, मग घर तिथेच का नाही? याचं पटणारं उत्तर मिळत नाही. शेवटचा उपायही जरा सोयीस्कर वाटतो.

जनरेटर लांब ठेवा, नाहीतर शांतताच मरते. लहान लेकरांना मात्र बसवू नका, सुरुवातीलाच धाकट्या पोराचा जीव जातो.