अ‍ॅड्रेनॅलिन पेशीत न शिरताही एवढा मोठा परिणाम कसा घडवते?

नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत अचानक कर्कश ब्रेक ऐकून आपण दचकतो, तेव्हा रक्तातले संप्रेरक अ‍ॅड्रेनॅलिन यकृतपेशीच्या पटलावरील ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) बाहेरूनच चिकटते. ग्राहीचा आकार बदलतो आणि तो आतील बाजूची अनेक जी-प्रथिने (संदेश पुढे नेणारी प्रथिने) एकामागून एक सक्रिय करतो. प्रत्येक जी-प्रथिन मात्र एकाच अ‍ॅडेनिलिल सायक्लेज विकराला (एन्झाइमला) चालना देते. म्हणजे प्रत्येक पायरीवर संदेश वाढतोच असे नाही, आणि ही महत्त्वाची बाब शिकवताना अनेकदा सुटते. पुढची मोठी वाढ हे विकर करते: ते चक्रीय एएमपी या पेशीतल्या निरोप्याचे असंख्य रेणू बनवते, त्यांमुळे प्रथिन कायनेज हे दुसरे विकर सक्रिय होऊन विकरांची साखळी सुरू होते आणि ग्लायकोजेन या साखरेच्या साठ्यापासून ग्लुकोज मोकळे होते. चक्रीय एएमपी शोधणाऱ्या अर्ल सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.