हॅवनीज पिल्लू घरी आणल्यावर
क्युबातून आलेली ही कुत्र्यांची जात माणसांच्या सोबतीसाठीच जोपासलेली असल्यामुळे तुमचे पिल्लू सावलीसारखे मागे फिरेल. म्हणूनच पहिल्या आठवड्यापासून त्याला रोज ५-१० मिनिटे एकटे राहण्याची सवय लावावी. शी-शूचे वळण मात्र सावकाश लागते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे आणि काम उरकताच, घरात परतल्यावर नव्हे, तिथेच खाऊ द्यावा. रागावल्याने ते फक्त सोफ्यामागे लपून शू करायला शिकते, हे मी स्वतः भोगले आहे. रेशमी केस नुसते वरवर विंचरू नयेत, कारण गुंता कानामागे आणि काखेत, अगदी कातडीलगत होतो. अंघोळीपूर्वी तो सोडवला नाही, तर भिजून आणखी घट्ट बसतो.