कोलेस्टेरॉल तर स्थिर पदार्थ आहे, मग रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन त्याला ऑक्सिडाइज कसं करतं? आणि अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी ते थांबतं का?

"स्थिर" हा शब्द वाचला आणि लिहायला बसले, कारण याच शब्दापायी माझं एमएस्सीचं अख्खं सेमिस्टर गेलंय.

आधी केमिस्ट्री उरकते. रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन म्हणजे एकच काही नाही. सुपरऑक्साइड तसा बिचारा, हायड्रोजन पेरॉक्साइड एकटा असला तर लिपिडचं फार काही बिघडवत नाही, पण जवळ लोह असलं की त्याच पेरॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल रॅडिकल (एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून फार आक्रमक रेणू) निघतो आणि तो समोर येईल त्याचा हायड्रोजन ओढतो. सगळ्यांना वाटतं हल्ला कोलेस्टेरॉलच्या डबल बाँडवर होतो. चूक. हायड्रोजन जातो तो बाँडच्या शेजारच्या, म्हणजे सातव्या कार्बनवरचा, कारण तिथला सगळ्यात सैल. मग त्या रिकाम्या जागी हवेतला साधा ऑक्सिजन येऊन बसतो, पेरॉक्सिल रॅडिकल तयार होतो, तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन घेतो, की शेजारी रॅडिकल, आणि हे असंच पुढे. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन फक्त सुरुवात करून देतो, पुढचं सगळं साध्या ऑक्सिजनवर चालतं. लिनोलेइकसारख्या फॅटी अ‍ॅसिडमध्ये दोन डबल बाँडच्या मधोमध सीएच-टू असतो, तिथला हायड्रोजन आणखी सैल, म्हणून ते कोलेस्टेरॉलच्या आधी खराब होतात.

आता माझी गोष्ट. प्रोजेक्टमध्ये मी पेशींना कोलेस्टेरॉल देत होते आणि पेशी धडाधड मरत होत्या. सर खूश, "कोलेस्टेरॉल टॉक्सिक आहे" असं पोस्टरवर लिहायचं ठरलं सुद्धा. मला मात्र ती बाटली बघून शंका येत होती, कितीतरी वर्षं उघड-बंद होत आलेली, रूम टेंपरेचरला, उजेडात, पावडर किंचित पिवळसर. सरांना म्हटलं तर म्हणाले, "सॉलिड आहे गं, त्याला काय होतंय!" एका रात्री कोणाला न सांगता टीएलसी लावली (प्लेटवर मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या डागांत सुटे करायची चाचणी). शुद्ध कोलेस्टेरॉलचा एकच डाग पडायला हवा, याच्याखाली अजून तीन-चार. एक तर यूव्हीखाली काळा दिसला, तसा कोलेस्टेरॉल कधी दिसत नाही (तो ७-कीटोकोलेस्टेरॉल, सातव्या कार्बनवर ऑक्सिडाइज झालेलं कोलेस्टेरॉल), आणि सल्फ्युरिक मारून तापवल्यावर खालचे दोन निळे झाले, म्हणजे ७-हायड्रॉक्सी, तेही सातव्या कार्बनवरच ऑक्सिडाइज झालेले (अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार). नवीन बाटली मागवली, तोच डोस दिला, पेशी मजेत. मारत होता तो बाटलीतल्या बाटलीत ऑक्सिडाइज झालेला माल! सरांनी थिसिसमध्ये काय लिहायला लावलं, तर "हँडलिंग एरर". माझा.

हां, गोळ्या. व्हिटॅमिन ई पेरॉक्सिलला स्वतःचा हायड्रोजन देऊन साखळी तोडतं, टेस्टट्यूबमध्ये झकास दिसतं. पण २००० साली होप ट्रायल आली, हृदयरोगाचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांवर, रोज ४०० युनिट, साधारण साडेचार वर्षं, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये काहीही फरक नाही. उलट २०११ मध्ये सिलेक्ट ट्रायलच्या पुढच्या फॉलोअपमध्ये तेवढ्याच डोसला पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. त्यामुळे माझं मत, मनाने गोळ्या खाऊ नका. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिल्या असतील तर गोष्ट वेगळी, त्या माझं वाचून बंद करू नका.

वर मी डबल बाँडबद्दल "चूक" असं ठोकून दिलंय, ते रॅडिकलपुरतं, आणि तिथेही मुख्य वाटेपुरतंच, कारण थोडा एपॉक्साइड (बाँडच्या दोन्ही कार्बनना जोडून बसलेला ऑक्सिजन) त्या बाँडवर होतोच. सिंगलेट ऑक्सिजन (साध्या ऑक्सिजनचंच जास्त ऊर्जेचं रूप, रॅडिकल नव्हे) तर थेट डबल बाँडवरच जातो आणि पाचव्या कार्बनवर पेरॉक्साइड देतो. आणि ७-अल्फा-हायड्रॉक्सी लिव्हरमधला एन्झाइमही बनवतो, पित्ताम्लांसाठी, तेव्हा रक्तात फक्त तोच सापडला म्हणून "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस" लिहू नका, ७-बीटा आणि ७-कीटो पण बघा.

आणि तुम्ही लॅबमध्ये असाल तर बाटली मायनस वीसला, अंधारात, नायट्रोजन भरून ठेवा, सॅम्पलमध्ये बीएचटी (साखळी तोडणारं अँटिऑक्सिडंट) आणि ईडीटीए (लोह बांधून ठेवणारं) आधीच घाला, नंतर नाही. कोणी म्हणालं सॉलिडला काय होतंय, तर वाद घालत बसू नका, दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर प्लेट लावा. मी रात्री एकटीने लावली, तिथेच चुकलं.