आधी ‘आजी’, मग ‘अ’

‘ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. दुसरीत आहे, पण वर्गात तिला नुसते खडू देऊन मागे बसवतात. बाई म्हणतात, आधी नीट बोलू दे, मग अक्षरांचं बघू. मी घरी वर्षभर अ-आ-इ-ई गिरवून घेतेय. दोन वह्या भरल्या, तरी एक अक्षर ओळखत नाही. परवा माझा हात उठला तिच्यावर. तेव्हापासून झोप नाही. तिला कधी वाचता येईल का?’
– एक आई, संगमनेर

प्रिय मैत्रीण,

हात उठला ते चुकलंच. तिला जवळ घ्या आणि ‘आईचं चुकलं’ असं तोंडाने म्हणा. नीट बोलता येत नसलं तरी तिला कळतं. आणि त्या दोन्ही वह्या आता कपाटात ठेवून द्या.

हो, तिला वाचता येऊ शकतं. किती, ते आज कुणीच सांगू शकत नाही.

बाईंचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं धरून ठेवणं जड जातं, पाहिलेलं मात्र चांगलं लक्षात राहतं. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला समोर थांबतो. माझ्याकडे येणारा एक मुलगा आत्याला नुसतं ‘त्या’ म्हणायचा. ‘आत्या’ लिहिलेलं कार्ड रोज पाहू लागला, आणि एके दिवशी ‘आ’वर बोट ठेवून त्याने पूर्ण हाक मारली. म्हणजे बोलणं वाचण्यातूनही येतं. त्यासाठी थांबायचं कशाला?

सुटं ‘अ’ तिच्या कामाचं नाही, ‘आजी’ आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने मोठे शब्द लिहा: आई, आजी, भात, तिचं नाव. प्रत्येकाच्या दोन प्रती करा. आधी सारख्याला सारखं जुळवू दे. ते जमलं की दोन कार्डं मांडून ‘आजी दे’ म्हणा. ‘हे काय?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. चुकली तर ‘नाही’ म्हणू नका, बरोबर कार्डावर तिचं बोट नेऊन ठेवा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. वीसेक शब्द पक्के झाले की ‘आई’ आणि ‘आजी’ दोन्हींत ‘आ’ दिसतो, हे तिला दाखवा. पहिली वेलांटी (‘कि’मधली) नंतर शिकवा. उच्चारात नंतर येणारी खूण अक्षराच्या आधी लिहायची, तिथे सगळीच पोरं अडखळतात.

लिहिणं आणि वाचणं सध्या वेगळं ठेवा. या मुलांचे स्नायू सैल असतात, पेन्सिल धरतानाच बोटं थकतात. ताटात रवा पसरून त्यात बोट फिरवू दे. कणीक तिंबायला द्या.

एक गोष्ट मात्र आधी करा: कान आणि डोळे तपासून घ्या. या मुलांच्या कानात पाणी साचून कमी ऐकू येणं फार आढळतं, आणि चष्माही बऱ्याच जणांना लागतो. पोर लक्ष देत नाही असं आपण म्हणतो, आणि तिला ऐकूच येत नसतं.

शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, भांडू नका, पण मागे हटू नका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर तिला सोबत घेऊन, तिच्या गरजेप्रमाणे शिकवण्याची जबाबदारी टाकली आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा. जाताना कार्डं बरोबर न्या आणि बाईंच्या टेबलावर तिलाच ती जुळवू द्या.

पहिलं कार्ड आज रात्रीच करा. कोणता शब्द निवडलात, ते मला कळवा.

तुमची,
ताई