निंफचं अंग उसवतं, नेढं बुजतं

प्रश्न : ट्राउटसाठी १४ नंबरच्या गळावर फेझंट टेल निंफ (फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांचं, पाणकिड्याच्या पिल्लासारखं दिसणारं आमिष) बांधतो. दोन मासे लागले की अंग उसवतं. शिवाय शेवटी गळाचं नेढं बुजून जातं. काय चुकतं?

उत्तर : पिसाचे तंतू तुम्ही नुसतेच गुंडाळत असणार. ट्राउटच्या दातांनी एक तंतू तुटला, की बाकीचे सुटतात. यावरचा तोडगा हा निंफ पहिल्यांदा बांधणाऱ्या खुद्द फ्रँक सॉयर यांच्या मूळ पद्धतीतच आहे : रेशमी धागा नाहीच, फक्त तांब्याची बारीक तार. तीच बांधते, तीच वजन देते.

आधी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून घ्या. गळ मोडायचाच असेल तर रिकामा मोडू दे. दांडीवर तारेचा एक थर द्या, छातीच्या जागी थोडा उंचवटा करा. फेझंटच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू घ्या, टोकं मागे ३-४ मिलिमीटर ठेवून बाकाजवळ बांधा. आता तंतू तारेला पीळ घालून एकत्रच पुढे गुंडाळत न्या. एखादा तुटला तरी तार बाकीचे धरून ठेवते. पुढे तंतू वेगळे करून छातीवर दोन-तीनदा मागेपुढे दुमडा आणि दरवेळी तारेने आवळा.

नेढ्याचं म्हणाल, तर त्याच्यामागे नेढ्याएवढीच जागा पहिल्या वेढ्यापासून कोरी सोडा. शेवटच्या गाठी तिथे बसतात. उरलेली तार कात्रीने कापू नका, धार जाते. मागेपुढे हलवली की आपोआप तुटते.