फ्लेमिश की डच?

प्रश्न असा आहे : बेल्जियमविषयी मराठीत लिहिताना तिथल्या उत्तरेकडच्या फ्लँडर्स प्रदेशाची भाषा 'फ्लेमिश' म्हणावी की 'डच'? आणि तिथल्या माणसाला काय म्हणावे?

शाळा, न्यायालय, वर्तमानपत्र, सरकारी कागद यांच्या भाषेविषयी लिहीत असाल तर बिनदिक्कत 'डच' लिहा. बेल्जियमच्या राज्यघटनेत तेच नाव आहे, आणि १९७३ साली फ्लेमिश सांस्कृतिक परिषदेने वेगळा ठराव करून तेच अधिकृत ठरवले. एवढा आग्रह का, ते समजून घ्यायला हवे. 'फ्लेमिश' ही खेडवळ बोली, तिच्यात राज्यकारभार कसला करणार, असे म्हणत फ्रेंचला वरचढ ठेवण्याचा प्रकार तिथे फार काळ चालला. कायद्यांच्या डच पाठाला फ्रेंच पाठाइतका दर्जा मिळाला तो १८९८ साली. गेंट विद्यापीठ डच माध्यमाचे व्हायला १९३० उजाडले. नेदरलँड्सची प्रमाणभाषा तीच आमचीही, हे ठासून सांगण्यातच फ्रेंचच्या बरोबरीचा हक्क मागणाऱ्या फ्लेमिश चळवळीचे बळ होते. आज शुद्धलेखनाचे नियमही दोन्ही देशांना एकच आहेत.

बोलण्यात मात्र फरक ऐकू येतो. 'स्खोन' म्हणजे नेदरलँड्समध्ये स्वच्छ, फ्लँडर्समध्ये सुंदर. 'लोपन' म्हणजे तिकडे चालणे, इकडे बऱ्याचदा धावणे. 'तास' तिकडे पिशवी, इकडे कप. लघुत्वदर्शक प्रत्ययही वेगळा : ब्रसेल्सच्या 'मनेकन पिस' या पुतळ्याच्या नावातला 'कन' हा दक्षिणेकडचा, प्रमाण डचमध्ये तिथे 'त्ये' येतो. त्यामुळे अनुवादाच्या कामात 'फ्लेमिश' मागितली असेल, तर बहुधा 'डच (बेल्जियम)' हवी असते. नेदरलँड्ससाठी केलेला मजकूर तसाच दिला, तर चुका अशाच शब्दांवर होतात.

'फ्लेमिश बोली' लिहितानाही सांभाळा. आजचा फ्लँडर्स प्रदेश जुन्या फ्लँडर्स परगण्याहून निराळा आहे. बोलीभाषेच्या अभ्यासकांच्या हिशोबी आजच्या फ्लँडर्समधल्या अँटवर्प शहराची बोली ब्राबांटी, हासेल्टची लिम्बर्गी. माणसे मात्र दोन्हीकडची फ्लेमिश. उलट पश्चिम फ्लेमिश ही बोली सीमेपलीकडे फ्रान्समध्ये डंकर्कच्या परिसरातही आहे. ती इतकी वेगळी, की दूरचित्रवाणीवर कुणी ती बोलू लागले तर बाकीच्या फ्लेमिश प्रेक्षकांसाठी खाली डच अक्षरे द्यावी लागतात.

आता माणसांविषयी. फ्लँडर्सचा रहिवासी 'फ्लेमिंग'. 'फ्लेमिश' हे विशेषण, म्हणून फ्लेमिश सरकार, फ्लेमिश चित्रकला. त्याला 'डच माणूस' म्हणू नका, तो नेदरलँड्सचा झाला. दक्षिणेकडचा फ्रेंच भाषक 'वॉलून'. पण वॉलोनिया प्रदेशातच पूर्वेला ऑयपेनच्या बाजूला जर्मन भाषक राहतात, त्यांना वॉलून म्हटलेले रुचत नाही. याचे कारण बेल्जियमच्या रचनेत आहे : तिथे तीन प्रदेश आणि तीन भाषिक समुदाय आहेत, आणि दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत. ब्रसेल्स हा स्वतंत्र, द्विभाषिक प्रदेश. फ्लेमिश संसद मात्र तिथेच भरते. म्हणून ब्रसेल्सच्या रहिवाशाला नुसत्या पत्त्यावरून फ्लेमिंग किंवा वॉलून ठरवू नये, 'ब्रसेल्सचा' म्हणावे.

राहिला आपला 'वलंदेज'. जुन्या मराठी कागदपत्रांतला हा शब्द पोर्तुगीजमधून, 'हॉलंडचा' या अर्थी आला. तेव्हा डच व्यापाऱ्यांसाठी तो चपखल आहे; फ्लेमिंगसाठी वापरू नये.