भांड्यावर नाव घालणं म्हणजे नक्षीकाम नव्हे

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्सला ६१ टक्क्यांनी पास झाला. लग्नसराईत बँडपथकात सॅक्सोफोन वाजवतो. आता म्हणतो, सॅक्सोफोन-ट्रम्पेटवर हाताने नक्षी कोरायला शिकायचंय. मी त्याला भांड्यांवर नाव घालायचं मशीन आणून दिलं आणि बजावलं, सहा महिन्यांत कमाई दाखव, नाहीतर सीईटी रिपीट कर. माझं काही चुकलं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : हो, चुकलं. ६१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, त्या सहा महिन्यांची वाटते. सोनाराच्या हाताखाली बसलेल्या पोराकडूनसुद्धा इतक्यात कुणी दागिना मागत नाही. अशी मुदत घातली की मुलगा शिकायचं सोडून कमाई दाखवायच्या मागे लागतो. मग हात बसायच्या आधीच कुणाचं तरी वाद्य पुढ्यात घेतो, आणि पितळेवर गेलेला ओरखडा खोडरबराने निघत नाही. खरं सांगू? तुमच्या अटीत ‘शीक’ कमी आणि ‘हरून परत ये’ जास्त आहे. मुलांना हे बरोबर कळतं.

आता ते मशीन. त्याची सुई थरथरत ठिपके मारते, धातू कापत नाही. डब्यावर आजोबांचं नाव घालायला ते ठीक. पण सॅक्सोफोनच्या बेलचा, म्हणजे पुढच्या पसरट तोंडाचा, पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ठोके बसले की लॅकरचे (वरच्या पारदर्शक लेपाचे) कडेने टवके उडतात आणि रेघ मळकट दिसते. हाताची नक्षी चमकते, कारण कोरणी धातूची बारीक साल काढते आणि खाली गुळगुळीत पैलू राहतो. जुन्या सॅक्सोफोनवरची फुलं बहुधा चपट्या कोरणीची असतात. ती एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर डुलवत पुढे नेतात, त्याने बारीक नागमोडी रेघ उमटते. खोली जेमतेम केसभर.

सुरुवात वाद्यावर करायचीच नाही. एक मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घ्या, तीन इंची तुकडे करा, लाखेने लाकडी ठोकळ्यावर चिकटवा. दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची चपटी एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कोरणी पुरे. कार्बाइड कठीण पण ठिसूळ, त्याचं टोक नवशिक्याच्या हातात पिळवटून तुटतं. कोरणीचं तोंड (टोकाचा समोरचा उतार) ४५ अंशांत, खालची टाच (धारेखालचा छोटा उतार) १५ ते २० अंशांत घासायची. धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून बघावी : रुतली तर कामाची, घसरली तर पुन्हा दगडावर. निम्मी शिकवणी धार लावण्यातच जाते, आणि पोरं कंटाळतात तीही इथेच. टोक बोथट असेल किंवा मूठ फार खाली गेली तर कोरणी सटकते. मूठ फार वर गेली तर ती खोल घुसून अडकते. दुसरा हात टोकाच्या पुढे कधीही ठेवायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, पितळेचे कण उडतात.

सरळ रेघा, मग वळणं, मग पानं. पातळ पांढरा पोस्टर कलर फासून, वाळल्यावर त्यावर पेन्सिलीने नक्षी काढायची. पत्र्यावर हात बसला की बँडवाल्यांकडून भंगारातली बेल आणायची. गोल पृष्ठभागावर कोरणी सपाट टेकत नाही आणि आधार नसेल तर बेल दबते, म्हणून आत वाळूची पिशवी घालायची. आणखी एक : लॅकरवरून कोरलं तर उघडं पडलेलं पितळ काळवंडतं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं लागतं.

परीक्षांचं थोडक्यात : मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धातुकाम शिकवतात, पण त्याची वाट इंजिनिअरिंगच्या सीईटीतून जात नाही.

मुलालाही एक स्पष्ट सांगते. नुसत्या वाद्यनक्षीवर आपल्याकडे पोट भरेल असं मला वाटत नाही. आधी वाद्यदुरुस्ती शिक : पोचे काढणं, कळांखालची पॅड बदलणं, डाग देऊन सांधे जोडणं. पोचा काढून पॉलिश केलं की जुनी नक्षी पुसट होते आणि ती पुन्हा उठवायचं काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच येतं. हात बसल्यावर मेरठची जली कोठी बघून ये, तिथे बँडची पितळी वाद्यं बनतात. जाता-येता मुरादाबादचं पितळी नक्षीकामही बघ.

आणि बाबांनी ती मुदत आज रात्री जेवताना मागे घ्यावी. मशीन दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका, नसेल तर घरातल्या डब्यांवर नावं घाला.